सुजाता, सत्त्व वाळलं

सुजाता,

परवा गडमुडशिंगीत तुझ्या पुण्यानुमोदनाला मंडपात माणूस मावत नव्हतं. वंदना झाली, पंचशील झालं आणि मग एकेक जण उठून तुझ्याविषयी बोलू लागला. शाळेतले गुरुजी बोलले, प्राचार्य बोलले, तुझ्या हाताखाली शिकून कुठल्याकुठे पोचलेल्या मुली बोलल्या. गावातली पहिली पीएच.डी. झालेली बाई, हे तर पाच जणांनी सांगितलं. शेवटी तुझा भाऊ माझ्याजवळ येऊन वाकून म्हणाला, "मंजूताई, तुमी बी बोला की चार शब्द." मी मानेनंच नको म्हटलं आणि बसून राहिले. त्याला वाटलं मला रडू येतंय. रडू येत नव्हतं. मला जे सांगायचं होतं ते चार शब्दांत बसणारं नव्हतं, आणि त्यातलं निम्मं तर मी तुलाही कधी सांगितलं नव्हतं. ते आधी तुला सांगायला हवं, म्हणून लिहायला बसलेय.

नव्वदीच्या मध्यावर आपण दोघी त्या कॉलेजात लागलो, तेव्हा यांत्रिकी विभागात बायका म्हणून आपण दोघीच. विभागप्रमुखांनी जिन्याखालची खोली आणि एक टेबल दिलं. टेबलाच्या एका बाजूला तू, दुसऱ्या बाजूला मी. मी शहरातल्या राजारामपुरीतली, वडील गणिताचे मास्तर, घरात सगळं वहीत लिहून सोडवायची सवय. तुझे वडील फौंड्रीत भट्टीवर कामाला. डबा द्यायला गेल्यावर तोंडावर येणारी धग तुला शाळेत जायच्या आधीपासून माहीत होती. आपण दोघी उष्णताच शिकवायचो, पण मला ती समीकरणातून आली होती आणि तुला बापाच्या करपलेल्या बाहीवरून.

पहिले पंधरा दिवस आपण आपापल्या बाजूला डबे उघडून जेवलो. एक दिवस तू न विचारता हात लांब केलास आणि माझ्या डब्यातली लोणच्याची फोड उचललीस. आमच्या आईला कळलं तर ती काय म्हणेल, हा विचार त्या क्षणी माझ्या मनात आला होता. आला होता, हे आज कबूल करते. तो माझ्या तोंडावर तुला दिसलाही असेल. तू फोड खाल्लीस आणि म्हणालीस, मीठ जास्त आहे, तुझ्या आईला सांग. मी घरी जाऊन खरंच सांगितलं. आईनं कोण म्हणालं ते विचारलं, मी तुझं नाव सांगितलं. पुढच्या वर्षी तिनं बरणी भरताना मीठ कमी घातलं.

तेव्हा तुझं पीएच.डी.चं काम मिरची वाळवण्यावर चाललं होतं. ट्रेमध्ये मिरची पसरायची, गरम हवा सोडायची, दर तासाला वजन घ्यायचं. निम्म्याहून जास्त नोंदी झाल्या होत्या. आणखी एक वर्ष काढलं असतंस तर पदवी हातात होती. त्याच पावसाळ्यात तू राधानगरीकडं तुझ्या शेवंतामावशीकडं जाऊन आलीस, आणि सोमवारी सकाळी माझ्यासमोर एक स्टीलचा डबा ठेवून म्हणालीस, "वास घे."

डब्यात नाचणीचं सत्त्व होतं. नाचणी भिजवून, वाटून, फडक्यातून गाळली की तळाला जो दुधाळ गाळ बसतो तो. वरचं पाणी ओतून तो गोळा उन्हात वाळवायचा, चुरायचा, की झालं बाळाच्या पहिल्या घासाचं पीठ. पण डब्यातला गोळा आंबला होता. मावशीच्या बचत गटाला तालुक्यातल्या अंगणवाड्यांना सत्त्व पुरवायचं काम मिळालं होतं. उन्हाळ्यात सुरळीत चाललं. राधानगरीचा पाऊस सुरू झाला आणि चार महिने ऊन नाही. चुलीजवळ, माळ्यावर, पंख्याखाली, बायकांनी सगळं करून बघितलं. सत्त्व दोन दिवसांत आंबायचं आणि म्हशीच्या पाटीत जायचं. पावसाळाभर माल देता आला नाही तर काम दुसऱ्याकडं जाणार, असं वरून बजावलं होतं. मावशी तुला म्हणाली होती, "दिवाळीपत्तोर भूक धरा, असं लेकरास्नी कसं सांगायचं गं?"

मिरची सोडायची आणि हे वाळवायचं, असं तू तिथल्या तिथं जाहीर केलंस. वेडी आहेस, असं तुला पहिल्यांदा मीच म्हणाले.

आपण आधी लॅबमधल्या ट्रे ड्रायरमध्येच प्रयत्न केला. मंद आचेवर ठेवलं तर वर कडक पापुद्रा आला आणि आतला ओलावा तिथंच अडकून आंबला. आच वाढवली तर गोळ्याच्या कडा काचेसारख्या झाल्या, म्हणजे पिठाची खळ झाली. मी म्हणाले, हा पिष्टमय पदार्थ आहे, सत्तर अंशांच्या आसपास शिजणारच. त्याच्या खाली राहिलीस तर आंबतो, वर गेलीस तर शिजतो. इथं विषय संपतो.

तू म्हणालीस, इथंच सुरू होतो. मोठ्या स्टार्च कारखान्यांत ओलं पीठ उभ्या पाइपात गरम हवेच्या झोतावर सोडतात. दीडशे अंशांची हवा, आणि पीठ दोन सेकंदांत वाळून दुसऱ्या टोकाला बाहेर पडतं. तेच आपण मावशीच्या अंगणात मावेल एवढं करायचं. मी हसले. सत्तरला शिजणारी वस्तू दीडशेच्या हवेत टाकायची म्हणजे काय, ते मी फळ्यावर आकडेमोड करून तुला दाखवायला लागले. तू माझं ऐकून घेतलंस, मग कपाटातून थर्मामीटर काढलास, त्याच्या टोकाला ओल्या फडक्याची चिंधी गुंडाळलीस आणि ब्लोअरच्या तोंडाशी धरलास. शेजारच्या कोरड्या थर्मामीटरवर दीडशे. चिंधीवाल्यावर चव्वेचाळीस. पारा तिथंच थांबला. आपण बघत उभ्या राहिलो. मग चिंधी सुकली आणि पारा सरसर वर चढायला लागला.

"ओलं आहे तोवर तापत नाही," तू म्हणालीस. "सुकलं की लगेच बाहेर काढायचं. एवढंच काम आहे."

हे मी पुस्तकातून दर वर्षी शिकवत होते, सुजाता. घाम वाळताना अंग गार पडतं, तोच हा नियम. परीक्षेत त्यावर प्रश्न घालत होते. पण त्याच्या जोरावर एखाद्या गावातलं पीठ वाळवता येईल, हे कधी मनात आलं नव्हतं. तरीही मी वाद सोडला नाही. मी म्हणाले, फडक्याची चिंधी एकसारखी आहे, तुझे गोळे एकसारखे नाहीत. बारीक कण आधी सुकेल आणि शिजेल, मोठा आतून ओलाच राहील. 

आता ते सांगते, जे परवा मंडपात सांगता आलं नाही.

तू लॅबमध्ये जागा आणि साहित्य मागणारा अर्ज दिलास. विभागाची बैठक झाली. विभागप्रमुखांनी अर्ज वाचला, चष्मा काढला आणि तुझ्याकडं न बघता मला विचारलं, "मंजिरी मॅडम, हा तुमचाही विषय. हे चालेल?" मी म्हणाले की गोळे सारखे नसतात, काही शिजेल, काही ओलं राहील. आणि शेवटी म्हणाले, "मला नाही वाटत जमेल."

माझ्या मते ते प्रामाणिक तांत्रिक मत होतं. पण त्या खोलीत ते कशासाठी वापरलं जाणार, ते मला कळायला हवं होतं. विभागप्रमुख म्हणाले, घ्या, आता मैत्रिणीचंच मत असं म्हटल्यावर आम्ही काय करायचं. अर्ज बाजूला ठेवला गेला. तू कागद गोळा केलेस, सगळ्यांना नमस्कार केलास आणि बाहेर पडलीस. दार नीट लागलंही नव्हतं तेवढ्यात विभागातलाच एक जण म्हणाला, नोकरी सवलतीत मिळाली की माणसाला वाटतं यंत्रंही सवलतीत चालतील. दोघं-तिघं हसले. विद्यापीठात याच विषयात तुला माझ्यापेक्षा जास्त गुण होते. ते मला माहीत होतं आणि त्या खोलीत फक्त मलाच माहीत होतं. मी चहाच्या कपाकडं बघत बसले.

तू ते ऐकलंस का, हे मी तुला कधी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी तू टेबलाशी येऊन बसलीस आणि म्हणालीस, "गोळ्यांचं तुझं बरोबर आहे. त्याचं काय करायचं सांग." मला वाटलं होतं तू बोलणं टाकशील. बोलणं टाकलं असतंस तर मला सोपं गेलं असतं.

लॅब नाही म्हटल्यावर तू उद्यमनगरात इस्माईलभाईंकडं गेलीस. पत्र्याची कामं करणारा माणूस, कानाशी सतत हातोडा वाजत असल्यामुळं एरवीही ओरडूनच बोलायचा. तू त्यांच्यासमोर कागद पसरलास: वीस फुटी उभा पाइप, खाली हीटर आणि ब्लोअर, वर एक वळण, आणि त्यापुढं सायक्लोन, म्हणजे खाली निमुळतं होत गेलेलं मोठं पत्र्याचं नरसाळं. हवा त्यात गरगर फिरून वरून निघून जाते, पीठ कडेनं घसरत खाली पडतं. इस्माईलभाईंनी कागद उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाले, "मॅडम, शेडचा पत्रा उचकटला तर वीस फूट जातंय. न्हायतर सतराच बसतंय. बोला." तू म्हणालीस, उचकटा. त्यांनी खरंच पत्रा उचकटला. फौंड्रीतून टाकून दिलेला ब्लोअर त्यांनीच मिळवला.

मी दर शनिवारी तिथं यायला लागले. का येतेय ते तू विचारलं नाहीस, मीही सांगितलं नाही. तू फक्त एक हातमोजा माझ्याकडं फेकायचीस. तिथं एक गोष्ट माझ्या लक्षात आली. कॉलेजात तू "मी आले, मी गेले" म्हणायचीस. घरच्या माणसांशी, आपल्याकडच्या बायका बोलतात तसं, "मी आलो, मी गेलो." एका शनिवारी पाना शोधता शोधता तू मला म्हणालीस, "थांब, मी आलो." त्यानंतर माझ्याशी तू कधीच "आले" म्हणाली नाहीस.

पहिली चाचणी साफ फसली. मावशी पहाटेच्या एसटीनं ताजं सत्त्व घेऊन आली होती. ब्लोअर सुरू झाला, हवा तापली, तू ओले गोळे कुस्करून पाइपात सोडायला लागलीस. मिनिटभर सगळं ठीक चाललं. मग ब्लोअरचा आवाज घुसमटला आणि शेडभर पेजेचा वास सुटला. वरच्या वळणावर गोळे चिकटले होते, शिजले होते, आणि पाइप गच्च भरला होता. इस्माईलभाईंनी नट काढून आत डोकावलं आणि म्हणाले, "मॅडम, पाइपात पिठलं झालंया की."

मी म्हणाले होते तसंच झालं होतं. बारीक ते शिजलं होतं, मोठं ते ओलं होतं. माझं बरोबर ठरलं याचा मला त्या दिवशी जेवढा त्रास झाला, तेवढा चुकल्याचाही आयुष्यात कधी झाला नाही. तू उलट्या पिंपावर बसलीस, कोपरापर्यंत खळीनं माखलेली. ऑगस्ट संपत आला होता. अंगणवाड्यांना द्यायचा माल थांबला होता, आणि तुझी पीएच.डी.ही अडली होती.

मावशी इतका वेळ कोपऱ्यात पदर खोचून उभी होती. ती पुढं आली, परातीत उरलेल्या सत्त्वात बोटं घातली, ती एकमेकांना चिकटली तशी वर धरून आपल्याला दाखवली आणि म्हणाली, "भाकरीचं पीठ सैल झालं आन हाताला चिकटलं, तर तुमी काय करता?"

मग तिनंच सांगितलं,

"कोरडं पीठ घालता का न्हाय? मग ह्यात वाळल्यालं सत्त्व घाला की. उन्हाळ्यातलं हाय माझ्याकडं पिशवीत."

तू माझ्याकडं बघितलंस, मी तुझ्याकडं. ओल्यात कोरडं मिसळलं की गोळा होतच नाही, रव्यासारखे सुटे कण होतात. सगळे जवळजवळ एकसारखे. मी महिनाभर ज्याच्यावर अडून बसले होते ते मावशीनं परातीत सोडवलं. आणि एकदा यंत्र चालू झालं की कोरडं सत्त्व कुठून आणायचं हा प्रश्नच नव्हता. जे बाहेर पडेल त्यातलंच थोडं परत आत घालायचं.

पुढच्या शनिवारी परत जमलो. बाहेर पाऊस इतका की शेडमध्ये एकमेकांचं बोलणं ऐकू येत नव्हतं. आणि पत्रा उचकटलेला, त्या फटीवर इस्माईलभाईंनी ताडपत्री बांधली होती. मावशीनं सत्त्वात कोरडं मिसळलं, चाळणीवर घासून कण पाडले. तू ते हातानं फिरवायच्या मळसूत्रातून सावकाश पाइपात सोडलेस. मी थर्मामीटरसमोर वही घेऊन उभी. आवाज घुसमटला नाही. पेजेचा वास आला नाही. अर्धा मिनिट काहीच झालं नाही. मग नरसाळ्याच्या तळाला लावलेल्या बादलीत भुरभुर पडायला लागलं. फिकट गुलाबी, हलकं, सुटं.

तू बादलीत हात घातलास आणि मूठ भरून माझ्या तळहातावर ओतलीस. ते कोमट होतं. दीडशे अंशांच्या हवेतून आलेलं पीठ माझ्या तळहातावर कोमट होतं, सुजाता. मी ते बोटांत चोळलं. कापसासारखं सुटलं.

तरी मी म्हणालेच, शिजलं नाही हे कशावरून. तू हसलीस, काचेच्या पेल्यात थंड पाणी घेऊन त्यात चमचाभर सत्त्व टाकलंस. शिजलेलं असतं तर पाणी चिकट, गढूळ राहिलं असतं. पाचही माणसं नसलेल्या त्या शेडमध्ये आपण चौघं एका पेल्याकडं टक लावून बसलो. हळूहळू सत्त्व तळाला बसलं आणि वरचं पाणी नितळ झालं. मावशीनं तेवढ्यावर विश्वास ठेवला नाही. तिनं इस्माईलभाईंच्या स्टोव्हवर दुधात सत्त्व शिजवलं, फुंकून चाखलं, आणि सांगितलं, "आंबाट न्हाय. द्या लेकरास्नी."

इस्माईलभाईंनी भडंग मागवलं. तू रडलीस आणि मग इतकी हसलीस की तुला ठसका लागला. मला त्या वेळी म्हणायचं होतं की बैठकीत मी तुझ्या पाठीशी उभी राहिले नाही. मी म्हणाले, "अभिनंदन." तू माझ्या गालाला पिठाचा हात पुसलास.

पुढच्या पावसाळ्यात यंत्र मावशीच्या गावात उभं राहिलं. हीटरच्या जागी लाकडाची भट्टी, म्हणजे वीज गेली तर फक्त ब्लोअरपुरतं जनित्र लावायचं. पहिला पूर्ण पावसाळा बायकांनी एक खेप चुकवली नाही. काम दुसऱ्याकडं गेलं नाही, उलट शेजारच्या गावच्या बायका आपली ओली नाचणी घेऊन यायला लागल्या. राधानगरीच्या पावसात, ऊन नावाची वस्तू महिनाभर दिसलेली नसताना, पोत्यांवर पोती कोरडी.

आणि तुझी ती तोंडी परीक्षा. ती मी मरेपर्यंत विसरणार नाही. सभागृह भरलेलं. पहिल्या रांगेत, जिथं एरवी प्राध्यापक बसतात, तिथं राधानगरीकडच्या अकरा बायका ठेवणीतली लुगडी नेसून बसलेल्या. त्यांना उठवायची कुणाची छाती झाली नाही. शेवटच्या रांगेत इस्माईलभाई, त्या दिवशी तरी हळू बोलायचा प्रयत्न करणारे. बाहेरगावचे परीक्षक कडक होते. त्यांनी विचारलं, ओल्यात कोरडं मिसळायची ही पद्धत मोठ्या कारखान्यांत आहे, पण इतक्या लहान यंत्रासाठी हे प्रमाण तुम्ही कोणत्या संदर्भावरून घेतलं?

तू म्हणालीस, "संदर्भ समोरच बसला आहे, सर." आणि मावशीला उभं केलंस.

परीक्षकांनी मावशीला विचारलं, किती कोरडं घालायचं हे कसं ठरवता. मावशी जराही बिचकली नाही. म्हणाली, "मुठीत दाबलं तर गोळा व्हावा, आन बोटानं टोचला तर फुटावा. फुटला न्हाय तर आजून घाला." तू पडद्यावर आलेख दाखवलास. महिनोन्महिने मोजून काढलेलं प्रमाण मावशीच्या मुठीशी जुळत होतं. परीक्षकांनी मावशीचं वाक्य वहीत उतरवून घेतलं, शब्दन् शब्द, मी वाकून बघितलं. प्रबंधातही मावशीचं नाव आभारात नाही, संदर्भसूचीत आहे. टाळ्या सुरू झाल्या तेव्हा विभागप्रमुखही उभे राहिले. बैठकीत हसलेलेही उभे राहिले. 

त्यानंतर दहाएक वर्षं आपण भांडलो. आराखड्याचं पेटंट घे, असं मी म्हणायचे. तू मागेल त्याला नकाशे वाटायचीस, वर इस्माईलभाईंचा पत्ता द्यायचीस. बाहेर जाणारी गरम हवा निम्मी परत फिरवली तर लाकूड वाचेल, असं तू म्हणायचीस. त्यानं हवेतला दमटपणा वाढेल आणि पीठ पुन्हा तापेल, असं मी म्हणायचे. हा वाद मिटला नाही. दवाखान्यात, हाताला सलाईन लावलेली असताना, तू माझ्याकडून पेन घेऊन औषधाच्या चिठ्ठीमागं हवेच्या वाटा काढल्यास. मी म्हणाले, बरी हो, मग बघू. तू म्हणालीस, तुझ्याकडं उत्तर नाही म्हणून टाळतेस. खरंच नव्हतं. ती चिठ्ठी माझ्याकडं आहे, आणि दुसऱ्या वर्षाची एक मुलगी तिच्यावर प्रकल्प करायला मागतेय. मी हो म्हटलंय. बघू कोण जिंकतं.

मंडपातल्या कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे काल, मी राधानगरीकडं गेले. मावशी अजून मुडशिंगीत तुझ्या आईजवळच आहे. यंत्र तिची सून रंजना चालवते. मी बऱ्याच वर्षांत तिकडं गेले नव्हते, त्यामुळं तिनं मला कधी पाहिलेलं नव्हतं. ती परवा आली नाही, कारण पाऊस लागलाय आणि पावसात यंत्र बंद ठेवायचं नाही, असं तूच सांगून ठेवलंस म्हणे.

पाइप बघून मी चक्रावले. भट्टीपासून वरच्या वळणापर्यंत सगळा पाइप मातीनं लिंपलेला. जवळ जाऊन बघितलं तर मातीत भाताचं तूस कालवलेलं, चुलीला लिंपतात तसं. मी विचारलं, हे कुणी सांगितलं. रंजना म्हणाली, "कुनी कशाला सांगाय पायजे? पाइप तापून भाईरची हवाच गरम करत हुता. लिपला. आता लाकूड कमी लागतंय." मी माझा थर्मामीटर काढला, वरच्या टोकाची हवा मोजली. आपण दोघींनी पहिल्या वर्षी काचतंतूचं आवरण घालायचा विचार केला होता, आठवतं? तेव्हा ते जमलं नव्हतं. त्यानं जेवढी उष्णता वाचेल असं आपण मांडलं होतं, ही माती जवळपास तेवढीच वाचवत होती. वरची हवा आता जास्त गरम राहते, म्हणून तिनं भट्टीची आच आपणहून कमी केली होती. तेही कुणाला न विचारता. बादलीतलं सत्त्व मी बोटांत चोळलं. सुटं, फिकट गुलाबी, कोमट.

सुजाता, तुझ्या यंत्राला आता तुझी गरज राहिलेली नाही. ही तुझी केवढी मोठी जीत आहे, हे तिथं उभं राहून मला कळलं, आणि तुला सांगायला तू नव्हतीस.

मी वहीत आकडे लिहून घेत होते तेव्हा रंजना माझ्याकडं निरखून बघत होती. मग म्हणाली, "तुमी मंजूताई व्हय? जमणार न्हाय म्हनल्याल्या त्याच न्हवं?"

मी वही मिटली. तुला हे कुणी सांगितलं, असं मी कसंबसं विचारलं.

"ताईच सांगायच्या की. दर खेपंला. म्हनायच्या, बाकीचं दाराआड नुस्तं हसलं, पर भर बैठकीत आमची मंजू जमणार न्हाय म्हनली, आन गोळे सारकं नसत्यात म्हनली. तवा माझं डोळं उघडलं, न्हायतर ह्यो पाइप अजून तुंबल्याला असता. आमी कायबी नवीन कराय लागलो की त्या आदी ह्येच इचारायच्या, हितं मंजू असती तर काय म्हनली असती?"

म्हणजे तू ऐकलं होतंस. माझं बोलणं तर तुझ्यासमोरच झालं होतं, पण दाराआडचं ते हसणंही तू ऐकलं होतंस. आणि त्यातलं जे ठेवण्यासारखं होतं तेवढं उचलून तू या बायकांना देऊन गेलीस. त्या दिवशी गप्प बसलेल्या माझ्याबद्दल तू त्यांना एक शब्द सांगितला नाहीस. तो माझा मलाच सांगायचा होता, म्हणून हे लिहिलं.

रंजना अजून उत्तराची वाट बघत होती.

"व्हय," मी म्हणाले. "मीच ती."